खांबासमोर एकट्याने

मला हवी होती ती फळी रे रोडच्या एका वखारीत मिळाली. पाडलेल्या चाळीच्या दाराची चौकट होती ती, ब्रह्मदेशी सागाची, एका अंगाला बिजागरीच्या खुणा असलेली. अशी लाकडं मुंबईत अजून येत राहतात, कारण पाडायच्या चाळी अजून संपलेल्या नाहीत. सुताराने ती उन्हात धरली, एक डोळा मिटून लांबीवरून नजर फिरवली आणि वरच्या टोकापासून हातभर खाली बोट ठेवलं. "इथे गाठ आहे, दादा. वाकवणार असाल तर इथूनच जाईल." मग त्याने फळी उलटी केली, गाठ जमिनीत जाणाऱ्या बाजूला घेतली आणि रंधा हातात घेतला.

या फळीचा माकिवारा करायचा होता. जपानमधल्या ओकिनावा बेटावरच्या कराटेतलं हे अगदी साधं साधन. लांबी सात फुटांच्या आसपास, रुंदी चार इंच, तळाशी तीन-साडेतीन इंच जाडी आणि वर निमुळती होत होत जेमतेम अर्धा इंच. साधारण एक तृतीयांश भाग जमिनीत पुरायचा, छातीच्या उंचीवर भाताच्या पेंढ्याचा दोर गुंडाळायचा आणि त्यावर मूठ मारायची. पेंढ्याचा दोर आपल्याकडे कुणी वळून देईना, म्हणून मी काथ्या वापरला आणि तो चरबट म्हणून त्यावर जाड कॅनव्हास शिवून घेतला. चाळीच्या मागे पंपाच्या खोलीला लागून मातीचा एक पट्टा उरला आहे. तिथे फळी उभी आहे. गच्चीवर बसवायचा विचारसुद्धा मी केला नाही. स्लॅबला भोक पाडलं की पहिल्या पावसात वरच्या मजल्यावरच्यांच्या डोक्यावर पाणी.

फळी निमुळती का, हे समजलं की निम्मा विषय समजतो. मूठ लागते तेव्हा वरचं पातळ टोक मागे झुकतं, आणि जितकं झुकेल तितकं जास्त जोराने परत ढकलतं. हाताला धक्का एकदम बसत नाही, चढत जातो. त्या चढत्या विरोधासमोर मनगट सरळ राहिलं, कोपर मागे राहिलं, खांदा खाली राहिला आणि टाच जमिनीला चिकटली, तर फळी मागेच राहते. यातलं एक जरी सुटलं तरी फळी तुम्हाला ढकलते. म्हणजे फळी प्रत्येक ठोशाला उत्तर देते. भिंत असं काही करत नाही. भिंत जराही मागे सरत नाही, आणि जे काही जायचं ते मनगटात आणि हाताच्या हाडांत जातं.

मी कराटे शिकलो ते परळच्या एका मराठी शाळेच्या हॉलमध्ये, संध्याकाळी बाकं भिंतीला लावून. आमचे सर नोकरीसाठी आखातात गेले आणि वर्ग बंद झाला. तेव्हा मी हिरव्या पट्ट्यापर्यंत पोचलो होतो. चाळिशी ओलांडल्यावर पुन्हा सुरू केलं, ते एकट्याने. आज एकट्याने शिकणाऱ्याला साहित्य कमी नाही. माकिवारा कसा करावा, मुगाची पिशवी कशी शिवावी, किती मारावं, कशाने चोळावं, सगळं मोबाइलवर मिळतं, बरंचसं खरंही असतं. शिक्षकाकडून मिळणारी एक गोष्ट मात्र त्यात नसते, आणि हा लेख तिच्याबद्दल आहे. हात टणक करण्याच्या या कामात शिक्षकाचं मुख्य काम थांबवणं हे आहे. मारायला कुणीही सांगतो. थांब म्हणायला तुमचा हात बघितलेला माणूस लागतो.

असं का, ते शरीराच्या कामात आहे. हाताला रोज थोडा मार बसला की तीन गोष्टी बदलतात, आणि तिन्ही वेगवेगळ्या वेगाने. आधी दुखणं कमी होतं. मेंदूला त्या धक्क्याची सवय लागते आणि काही दिवसांतच तो तितकासा लागेनासा होतो. मग कातडी जाड होते, घट्टे पडतात. त्याला काही आठवडे लागतात. आणि सर्वांत शेवटी हाड.

हाडावर जसा भार पडतो तसं ते स्वतःला घडवतं, हा नियम जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ याने 1892 साली मांडला आणि आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो. कराटेच्या वर्गांत हा नियम मोठ्या उत्साहाने सांगितला जातो. सांगितली जात नाही ती त्याची पद्धत. हाड नवं बांधण्याआधी जुनं पोखरतं. काही पेशी आधी झिजलेला, चिरा गेलेला भाग खाऊन टाकतात. त्याला काही आठवडे जातात. मग दुसऱ्या पेशी तिथे नवं हाड भरतात, आणि ते भरायला, पक्कं व्हायला तीन-चार महिने किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे मधल्या काळात ती जागा आधीपेक्षा कच्ची असते. लांब पल्ल्याच्या धावपटूंना आणि लष्करातल्या नव्या भरतीच्या जवानांना पायाच्या हाडांत बारीक तडे जातात ते याच हिशेबाने. भार वाढला, भरणं मागे पडलं.

आता हे तीन वेग एकत्र ठेवून बघा. दुखणं थांबलं, कातडी राठ झाली, मारताना बरं वाटायला लागलं, नेमकी त्याच वेळी आतल्या हाडाची पोखरण सुरू असते. शिकणाऱ्याला त्या दिवसांत स्वतःच्या प्रगतीचा सर्वांत जास्त आनंद होत असतो, आणि संख्या वाढवावी असं मनापासून वाटतं. जुन्या शिक्षकांना पेशींची नावं माहीत नव्हती, पण या दिवसांची त्यांना पक्की ओळख होती. म्हणून ते नव्या शिष्याला महिनेच्या महिने हळू मारायला लावत, आणि शिष्याला वाटे सर काही शिकवतच नाहीत.

शिवाय या सगळ्यात कूर्चा येत नाही. सांध्याच्या टोकांवर जी गुळगुळीत गादी असते तिला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. मार देऊन ती जाड होत नाही, आणि एकदा झिजली की धडपणे भरूनही येत नाही. नकल म्हणजे मुठीवर उठून दिसणारे बोटांच्या मुळाशी असलेले सांधे. "नकल मोठे झाले" म्हणून जे कौतुकाने दाखवतात, त्यात हाड किती, सुजलेलं आवरण किती आणि जुन्या जखमेचा व्रण किती, हे बाहेरून सांगता येत नाही. मोठा नकल हा माझ्या मते कमाईचा पुरावा नाहीच. हात काय काय करू शकतो, हा पुरावा.

मनगट धरून हाताच्या पंजात एकूण 27 हाडं. त्यांतली तळहातातली पाच लांब हाडं मुठीच्या मागे असतात. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मागची दोन हाडं मनगटाशी जवळजवळ गच्च बसलेली असतात. अनामिका आणि करंगळीच्या मागची दोन हलती असतात. मूठ सैल करून पुन्हा आवळा, करंगळीच्या बाजूचं हाड पुढे सरकलेलं दिसेल. म्हणून कराटेत ठोसा पहिल्या दोन नकलांवर घ्यायचा असतो, कारण तिथून जोर सरळ मनगटात आणि पुढे हातात उतरतो. रागाच्या भरात भिंतीवर किंवा दारावर मूठ मारणाऱ्याचं मोडतं ते बहुतेक वेळा करंगळीमागचं हाड, नकलाच्या अगदी खाली. डॉक्टर त्याला बॉक्सर फ्रॅक्चर म्हणतात, पण सराव केलेल्या बॉक्सरपेक्षा ते भिंतीवर हात आपटणाऱ्यांतच जास्त दिसतं.

एकट्याने शिकलेल्यांची उदाहरणं कराटेच्या इतिहासात नाहीत असं नाही. मोतोबू चोकी (1870–1944) हा ओकिनावातल्या एका सरदार घराण्यातला तिसरा मुलगा. घराण्याची विद्या थोरल्याला मिळायची, याला नाही. तो एकटाच माकिवारावर घुमत राहिला, दगड उचलत राहिला, आणि लढवय्या म्हणून त्याने मोठं नाव कमावलं. ही गोष्ट सांगणारे सहसा इथे थांबतात. पण हाच मोतोबू पुढे इतोसू आणि इतर नामांकित गुरूंकडे शिकायला गेला. हात त्याच्याकडे आधीच होता. तरी तो गेला, आणि मला या गोष्टीतला हाच भाग महत्त्वाचा वाटतो.

माझ्याकडे गुरू नव्हते, पण थांबवणारं माणूस होतं. आमच्या गॅलरीच्या टोकाला अण्णा राहतात. गिरणीत होते, आणि पाळी सुटली की तालमीत. 1982 च्या संपानंतर गिरणी गेली, मागोमाग तालीमही गेली, पण शरीराकडे बघायची नजर गेली नाही. पहिल्यांदा त्यांनी माझा हात बघितला तेव्हा नकलांकडे त्यांचं लक्षच नव्हतं. "मूठ कर," म्हणाले. केली. "उघड. पाचही बोटं ताठ. आता एकेक करून अंगठ्याला लाव." मग त्यांनी माझा पंजा आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि तळहाताच्या मागच्या बाजूने, दोन हाडांमधल्या खोबणीतून अंगठा खालून वर नेला. चारही खोबणी. एका ठिकाणी मी श्वास रोखला ते त्यांना कळलं. "इथे पाणी धरलंय. चार दिवस हात लावायचा नाही." कराटे त्यांनी आयुष्यात केलेलं नाही. पण मुका मार कुठे मुरतो ते त्यांना ठाऊक आहे, आणि लाल मातीत अर्धं आयुष्य काढलेल्या माणसाला ते ठाऊक असणारच.

हे अजून चालू आहे. अण्णा घरी नसतात तेव्हा मी स्वतः तेच करतो, आणि त्यात काही गोष्टींची भर घातली आहे. सकाळी लोकलचा दांडा धरताना करंगळीच्या बाजूला काही टोचतं का? शर्टाचं वरचं बटण एका झटक्यात लागतं का? स्टीलच्या डब्याचं घट्ट झाकण उघडताना पकड सुटते का? मूठ मिटताना बोटाचा स्नायुबंध नकलावरून एका बाजूला सरकल्यासारखा वाटतो का? हा शेवटचा प्रश्न गंभीर आहे. बोट सरळ करणारा स्नायुबंध नकलाच्या मधोमध एका पट्टीने धरून ठेवलेला असतो. ती पट्टी फाटली तर स्नायुबंध घसरतो, आणि मग हाताच्या डॉक्टरकडे जाण्यावाचून इलाज नसतो. रात्री दुखणं, मुंग्या येणं, बोट बधिर होणं, यांपैकी काहीही झालं तर सराव त्याच दिवशी बंद. या सगळ्याची मी वही ठेवतो. त्यात किती ठोसे मारले याला मोठी जागा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हात कसा होता, याला आहे.

ठोसे थोडेच असतात. सुरुवात करणाऱ्याने दोन्ही हातांना दहा-दहा मारले तरी पुष्कळ, तेही अर्ध्या जोराने, आणि दोन सरावांमध्ये निदान एक दिवस मोकळा. डावखुरा नसलात तर डाव्या हाताने सुरुवात करा, कारण उजवा घाई करतो. प्रत्येक ठोशानंतर मूठ फळीवर क्षणभर दाबून ठेवायची आणि मनगट, कोपर, खांदा, कंबर, टाच असं स्वतःला खाली तपासत जायचं. त्या दाबून ठेवण्यात खरं शिक्षण आहे. आणि फळीआधीसुद्धा काही महिने मुठींवर जोर मारावेत, आधी जाड सतरंजीवर, मग लाकडी पाटावर. त्यात आघात नसतो, नुसता भार असतो, आणि मनगट सरळ ठेवण्याची सवय अंगात भिनते.

या बाबतीत आपल्या मातीत जे आहे ते ओकिनावाच्या जवळचं आहे, आणि याचं मला मनापासून अप्रूप वाटतं. तिथे गोजू-र्‍यू पद्धतीत, जी मियागी चोजून यांनी घडवली, लाकडी दांड्याच्या टोकाला दगड बसवून तो मनगटाने फिरवतात. मुद्गल फिरवणाऱ्याला वेगळं काही सांगायला नको. तिथे मातीच्या रुंद तोंडाच्या बरण्या नुसत्या बोटांच्या चिमटीने कडेला धरून चालतात. आणि आपल्याकडे मल्लखांब आहे, दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट दादा देवधरांनी ज्याला पुन्हा उभं केलं तो. दादरला शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात संध्याकाळी जाऊन बघा. एरंडेल लावलेल्या लाकडाला लहान लहान मुली हातापायांच्या पकडीवर चिकटलेल्या असतात. तिथेही खांबाशेजारी कुणीतरी उभं असतं, हात पुढे करून. मुलीच्या पकडीत फरक पडला की तिच्या आधी त्या उभ्या असलेल्या माणसाला कळतं. मी तिथे पुष्कळदा नुसता बघत उभा राहिलो आहे, मुलींपेक्षा त्या माणसाकडे जास्त.

चिनी पद्धतीत तळहात कमावण्यासाठी मुगाची पिशवी वापरतात. जाड कापडाच्या पिशवीत मूग भरायचे, ती पाटावर ठेवायची आणि हात वरून सैल सोडायचा, आपल्या वजनाने पडेल तसा. पुढे मुगाऐवजी बारीक खडे, आणि शेवटी लोखंडी छर्रे. मुगाची निवड शहाणपणाची आहे. दाणा गोल, कडा नाही, पिशवीत सरकतो आणि हळूहळू त्याचं पीठ होतं, मग बदलता येतो. आपल्याकडे मूग थंड, पथ्याचा. तिकडच्या वैद्यकातही तो थंडच मानतात. इथवर एकट्याने जायला हरकत नाही. खडे आणि छर्‍यांकडे मी गेलो नाही, जाणार नाही. पंजाच्या करंगळीकडच्या फुगवट्याखाली, मनगटाजवळ, एक लहान हाड हुकासारखं वर आलेलं असतं आणि त्याच्या कडेने हाताची एक मुख्य रक्तवाहिनी जाते. तळहाताच्या त्या भागाने पुन्हा पुन्हा आपटत राहिलं तर ही वाहिनी आतून इजा पावते, तिच्यात गाठ धरते, आणि अनामिका-करंगळीला रक्त कमी पोचतं. बोटं गार पडतात, पांढरी-निळी होतात. हातोड्याऐवजी तळहात वापरणाऱ्या कारागिरांत डॉक्टरांनी हा आजार ओळखला आणि त्याच्या नावात हातोडा आहे. छर्‍यांवर तळहात आपटताना नेमका कुठला भाग टेकतो आहे, हे स्वतःचं स्वतःला दिसत नाही.

सरावानंतर हात चोळायला चिनी पद्धतीतले लोक मद्यात मुरवलेल्या औषधी वापरतात. त्यांची एक ठरलेली कृती नाही, प्रत्येक घराण्याची वेगळी. बऱ्याच कृतींत बोळ आणि धूप असतो, आणि हे वाचलं तेव्हा मला आमच्या स्वयंपाकघराच्या फडताळातली पुडी आठवली. आई मुक्या मारावर आंबेहळद, रक्त्याबोळ आणि तुरटी सहाणेवर उगाळून, लोखंडी पळीत कोमट करून लेप घालायची. अजूनही आम्ही तोच घालतो. ते चिनी औषध घरी करायला जाऊ नका असं मात्र मी प्रत्येकाला सांगतो. काही कृतींत बचनागाच्या कुळातल्या विषारी मुळ्या असतात, आणि फाटलेल्या कातडीवर त्या लावणं धोक्याचं आहे. कुठल्याही लेपाने हाड भरत नाही. लेपाचा मोठा उपयोग असा की तो लावताना तुम्ही हाताकडे दहा मिनिटं नीट बघता.

पावसाळ्यात मी फळी बंद ठेवतो. काथ्या दिवसभर ओला राहतो, त्याला बुरशी येते, आणि दमट हवेत नकलांवरची कातडी भिजून मऊ होते, पापुद्र्यासारखी निघते. इतरत्र ही किरकोळ गोष्ट असेल. परळमध्ये ती किरकोळ नाही. हिंदमाता चौकात पाणी भरलं की आम्ही सगळे त्यातूनच घरी येतो, पिशवी डोक्यावर आणि एक हात दुभाजकाच्या कठड्यावर. त्या पाण्यात उंदरांचं मूत असतं आणि लेप्टो या तापाचे जंतू उघड्या जखमेतून आत जातात. महापालिका दरवर्षी सांगते की पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नका, उतरलात तर डॉक्टरला दाखवा. सोललेल्या मुठीला तोच नियम. मधुमेह असलेल्यांनी तर पावसाळाच काय, बारा महिने कातडी फुटू देऊ नये, कारण त्यांच्या जखमा उशिरा भरतात आणि हाताची संवेदना आधीच कमी झालेली असू शकते.

आमच्या खालच्या मजल्यावर नववीतला एक मुलगा आहे. माझी फळी बघून त्याला हौस आली, आणि एके दिवशी मी वर येताना तो जिन्याखालच्या भिंतीवर मुठी मारताना दिसला. मोबाइल समोर कठड्यावर टेकवलेला, त्यातला माणूस आकडे मोजतोय, हा मारतोय. प्लास्टरवर दोन्ही नकलांचे लालसर ठसे. मी त्याच्यावर ओरडलो नाही. त्याला घेऊन पायरीवर बसलो आणि त्याचा हात अण्णा बघतात तसा बघितला. तो म्हणाला, "काका, आता दुखतच नाही." मला सर्वांत जास्त काळजी या वाक्याची वाटली.

या वयात हाताच्या हाडांची वाढ चालू असते. पंजातल्या प्रत्येक लांब हाडाच्या एका टोकाजवळ मऊ थर असतो, तिथून हाड वाढतं, आणि तो थर मुलांमध्ये साधारण सोळा-सतराव्या वर्षापर्यंत मिटतो, मुलींमध्ये थोडा आधी. तोवर तिथे बसलेल्या माराने हाड वाकडं वाढू शकतं किंवा वाढायचं थांबू शकतं. हे मी त्याला कागदावर हाताचं चित्र काढून समजावलं. त्याने एकच विचारलं, मग मी काय करू? हा प्रश्न योग्य होता, आणि त्याचं उत्तर "काही करू नकोस" असं देणं मला अन्यायाचं वाटलं. अंगात रग असलेल्या मुलाला नुसता नकार दिला तर तो दुसरी भिंत शोधतो. म्हणून ठरलं ते असं: मुद्गल, सतरंजीवर मुठींचे जोर, दोरीला लोंबकळणं, बादलीभर तांदळात पंजा उघडणं-मिटणं. तांदूळ त्याच्या आईकडून मागून घेतले, जुने, कीड लागलेले. फळीला मूठ टेकवून नुसतं दाबायचं, मारायचं नाही. तो हे सगळं करतो, कुरकुरत का होईना, आणि त्याची पकड माझ्याही लक्षात येईल इतकी सुधारली आहे.

गेल्या हिवाळ्यात एक ज्येष्ठ कराटे प्रशिक्षक ओळखीतून आमच्याकडे आले. दुपारी जेवण झाल्यावर फळी बघायला मागे गेलो. त्यांनी तिच्यावर एकही ठोसा मारला नाही. वरच्या टोकाला हाताने ढकलून किती वाकते ते बघितलं, सुताराचं कौतुक केलं आणि मला म्हणाले, मारा. मी मारले. त्यांचं लक्ष मुठीकडे नव्हतं, ते माझ्या मागे उभे होते. काही ठोशांनंतर त्यांनी दोन बोटं माझ्या डाव्या खांद्याच्या पात्यावर ठेवली. "हे इथून वर यायला लागलं की सराव संपला. पुढचे सगळे ठोसे मनगट खातं." मी कित्येकदा मोबाइलवर स्वतःचं चित्रण करून बघितलं होतं, बाजूने, समोरून. खांद्याच्या पात्याची ती हालचाल कपड्यांच्या आत होते आणि कॅमेऱ्याला दिसत नाही, बोटांना लागते.

मी त्यांना वही दाखवली. त्यांनी ती चष्मा लावून शांतपणे वाचली, पानं मागे-पुढे करत. संख्या कमी करा असं म्हणाले, हसत, आणि आठवड्यातला आणखी एक दिवस मोकळा ठेवायला सांगितला. माझ्यासाठी रोजचा वर्ग शक्य नाही, नोकरी आणि प्रवास यांत दिवस जातो. मी विचारलं, दोन-तीन महिन्यांतून एकदा येऊन हात दाखवला तर चालेल का. चालेल म्हणाले. आता मी जातो, रविवारी सकाळच्या गाडीने. तासभर बघतात, त्यातला अर्धा वेळ चालण्याबद्दल आणि उभं राहण्याबद्दलच बोलतात.

ज्यांच्या गावात, पेठेत, वाडीत कराटेचे जाणते सर नाहीत, त्यांना मी हेच सुचवीन. रोज शिकवणारं कुणी नसलं तरी अधूनमधून हात बघणारं कुणीतरी असू द्या. तो मल्लखांबाचा प्रशिक्षक असेल, जुना पैलवान असेल, फिजिओथेरपिस्ट असेल. त्यांच्याकडे जाताना काय विचारायचं ते लिहून न्या, आणि त्यांनी थांब म्हटलं की थांबा, कारण विचारत बसू नका. विटा, फरश्या, लोखंडी छर्रे आणि वाळूत ताठ बोटं खुपसणं या गोष्टी समोर शिक्षक नसताना अजिबात करू नका. त्यांत चूक झाली तर ती लगेच कळत नाही. कळते तेव्हा बोटाच्या सांध्यांनी आपलं काम सोडलेलं असतं.

पुढच्या वेळी खालचा मुलगाही माझ्याबरोबर येणार आहे. त्याची आई काल जिन्यात भेटली, काळजीत होती. "भाऊ, तिकडे त्याला मारायला तर लावणार नाहीत ना?" मी म्हटलं, "नाही वहिनी. आधी ते त्याचे हात बघतील, आणि मग बहुतेक उभं राहायला शिकवतील." त्यांनी डब्यात काय द्यायचं ते विचारलं. पोळी-भाजी पुरे म्हटलं, गाडी सव्वासातची आहे.